रोमेलची आरती करण्याआधी

फील्ड मार्शल एर्विन रोमेलबद्दलचा एक मजकूर मराठीत कधीचा फिरतो आहे. दर फेरीत एखाद-दुसरं विशेषण वाढतं, पण गाभा तोच असतो. रोमेल नाझी नव्हता, पक्षाचा सदस्यसुद्धा नव्हता. आफ्रिकेत तो हरला नाही, हिटलरने त्याला पेट्रोल दिलं नाही. शत्रूच्या मनात काय चाललंय ते त्याला आधीच कळायचं, म्हणून तर त्याला ‘वाळवंटी कोल्हा’ म्हणत. त्याचं युद्ध स्वच्छ होतं. हिटलरला मारायच्या कटात तो सामील झाला आणि त्यासाठी त्याने प्राण दिले. आणि हे सगळं खोटं असेल, तर खुद्द चर्चिलने भर पार्लमेंटात त्याची तारीफ का केली असती?

माणूस लढवय्या होता, याबद्दल वाद नाही. हायडेनहाइमच्या शाळामास्तराचा हा मुलगा १९१७ मध्ये इटलीच्या आघाडीवर मातायुर डोंगरावर मूठभर सैनिकांनिशी चढला आणि त्याने शत्रूचे हजारो सैनिक कैद केले. त्याबद्दल त्याला ‘पूर ल मेरित’ हे त्या काळचं सर्वोच्च पदक मिळालं. तेव्हा त्याचं वय होतं २६. पुढून नेतृत्व करणं, फट दिसली की थांबायचं नाही, हा त्याचा स्वभाव तेव्हाच ठरला होता. भांडण आहे ते यावर चढवलेल्या मखराबद्दल. एकेक मुद्दा घेऊ.

“पक्षाचा सदस्यही नव्हता”

खरं आहे, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. सेवेत असलेल्या जर्मन सैनिकाला राजकीय पक्षात राहायला कायद्यानेच बंदी होती आणि ती थेट १९४४ च्या सप्टेंबरपर्यंत चालू होती. हे प्रमाणपत्र रोमेलला मिळतं तसंच ते दुसरा जर्मन फील्ड मार्शल एरिख फॉन मॅन्स्टाइन यालाही मिळतं. त्या मॅन्स्टाइनने नोव्हेंबर १९४१ मध्ये आपल्या सैन्याला ‘ज्यू-बोल्शेविक व्यवस्था’ कायमची नष्ट करायचा लेखी आदेश दिला होता आणि १९४९ मध्ये हॅम्बुर्गच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला १८ वर्षांची शिक्षा सुनावली.

सदस्यत्वापेक्षा बढत्या कशा मिळाल्या ते पाहिलेलं बरं. १९३७ मध्ये रोमेलचं पहिल्या महायुद्धातल्या अनुभवांवरचं पुस्तक आलं आणि ते हिटलरच्या मनात भरलं. १९३८ मध्ये सुडेटनलँडला, १९३९ मध्ये प्रागला आणि मग पोलंडच्या मोहिमेत, हिटलरच्या संरक्षक तुकडीचा प्रमुख रोमेलच होता. पोलंडनंतर त्याला हवी होती रणगाड्यांची डिव्हिजन. तो पायदळाचा अधिकारी, रणगाड्यांचा अनुभव शून्य. लष्कराच्या नेमणूक विभागाने त्याच्यासाठी डोंगरी डिव्हिजन सुचवली. रोमेलने थेट हिटलरकडे शब्द टाकला आणि फेब्रुवारी १९४० मध्ये ७ वी पँझर डिव्हिजन पदरात पाडून घेतली. वरिष्ठांना डावलून साहेबाच्या साहेबाकडे जाणारा माणूस कुठल्याही कचेरीत जसा खटकतो, तसा तो जुन्या जर्मन सेनाधिकाऱ्यांना कायम खटकला.

प्रसिद्धीचंही त्याला वावडं नव्हतं. प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्यातला कार्ल हांके फ्रान्सच्या मोहिमेत त्याच्या डिव्हिजनमध्ये होता. आफ्रिकेत त्याच खात्याचा आल्फ्रेड बेर्न्ट त्याच्या दिमतीला होता. ३ ऑक्टोबर १९४२ ला, हातात नवा कोरा फील्ड मार्शलचा दंड असताना, रोमेलने बर्लिनमध्ये पत्रकारांना सांगितलं की इजिप्तचं दार आपल्या हातात आहे. तीन आठवड्यांनी इजिप्तमधल्या अल अलामीनची दुसरी लढाई सुरू झाली आणि ते दार कायमचं बंद झालं.

ज्यूद्वेष्टी विचारसरणी तो जाहीरपणे मांडत फिरला, असं कुठे दिसत नाही. बायकोला लिहिलेल्या पत्रांत मात्र हिटलरबद्दलची भक्ती ठळक दिसते. विचारसरणीने नाझी नसेल, पण हिटलरचा माणूस तो नक्की होता. निदान पराभव डोळ्यांसमोर दिसू लागेपर्यंत.

“हरला नाही, पेट्रोल मिळालं नाही”

सगळ्यात लाडका मुद्दा हा, म्हणून इथे जरा थांबू.

सुरुवातीपासून पाहा. १९४०–४१ च्या हिवाळ्यात ब्रिटिश आणि राष्ट्रकुलाच्या फौजांनी इटालियन सैन्याची लिबियात धूळधाण उडवली. त्या मोहिमेची सुरुवात सिदी बरानीला ज्या सैन्याने केली त्यात आपली ४ थी इंडियन डिव्हिजन होती. पण रोमेल १२ फेब्रुवारी १९४१ ला ट्रिपोलीत उतरला तेव्हा ती समोर नव्हतीच. ती इरिट्रियात केरेनच्या कड्यांवर पाठवली गेली होती. इतर अनुभवी फौज ग्रीसला निघाली होती. मार्चअखेर त्याने हल्ला केला तो अशा रिकाम्या होत चाललेल्या आघाडीवर. बर्लिनचा हुकूम होता, तूर्त बचाव करा. त्याने तो मोडला, यश मिळालं आणि दंतकथा सुरू झाली.

मग तोब्रुक, पूर्व लिबियातलं बंदर. एप्रिलमध्ये आणि मेच्या सुरुवातीला घाईघाईने केलेले हल्ले ऑस्ट्रेलियनांनी परतवले. १५ व्या पँझर डिव्हिजनचा सेनापती प्रिटविट्झ आफ्रिकेत पाय ठेवल्यावर काही दिवसांतच तिथे मारला गेला. जर्मन भूदलाचा प्रमुख नियोजक हाल्डर आपल्या डायरीत रोमेलला ठार वेडा झालेला सैनिक म्हणतो आणि त्याला आवरायला पाउलुसला आफ्रिकेत धाडतो. हो, पुढे स्टालिनग्राडला शरण गेला तोच पाउलुस. वर्षअखेर ब्रिटिशांनी तोब्रुकचा वेढा उठवला आणि रोमेल जिथून निघाला होता तिथे, अल अगेलाला, परत पोचला. ‘हरला नाही’ म्हणणाऱ्यांच्या मजकुरात १९४१ चा डिसेंबर महिनाच नसतो.

रसदीचं गणित हाल्डरने आधीच मांडलेलं होतं. इटालियन जहाजं बुडत होती हे खरं. ब्रिटिश गुप्त संदेश फोडून नेमकी तेलवाहू जहाजं गाठत होते, हेही खरं. ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘प्रोसर्पिना’ हे टँकर जहाज ऐन लढाईत तोब्रुकजवळ बुडालं. पण एकूण युद्ध पाहिलं तर इटलीहून लिबियाला निघालेल्या मालापैकी बहुतांश माल किनाऱ्याला लागला. अडचण होती ती त्यापुढे. ट्रिपोलीपासून अल अलामीन जवळजवळ २,००० किलोमीटर. उपयोगाची रेल्वे नाही, किनाऱ्यालगत एकच रस्ता, वरून ब्रिटिश विमानं. बेनगाझी आणि तोब्रुक ही बंदरं जवळची, पण लहान आणि सतत बाँबफेकीखाली. लॉरी जितकी लांब जाईल तितकं तिनेच पेट्रोल पिऊन टाकायचं. मुंबईहून टँकर निघावा आणि नागपूरला पोचेपर्यंत चालकानेच अर्धा रिकामा करावा, असा तो प्रकार. प्रत्येक विजयाबरोबर रोमेल स्वतःच हे अंतर वाढवत होता.

आणि ते थांबवायची संधी त्याला मिळाली होती. जर्मन-इटालियन योजना अशी होती की तोब्रुक घेतलं की रोमेलने थांबायचं आणि विमानदळाचं बळ माल्टा बेट घ्यायला वळवायचं. ब्रिटिश विमानं आणि पाणबुड्या रसदीवर तुटून पडत त्या माल्टावरूनच. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं. विमानदळाच्या केसेलरिंगने ठरल्याप्रमाणे थांबायचा आग्रह धरला. रोमेलला मात्र कैरो दिसत होतं. त्याने हिटलरला आणि मुसोलिनीला पटवलं, माल्टा बारगळलं. तेव्हा ‘हिटलरने पेट्रोल दिलं नाही’ या वाक्यातला कर्ता तपासून घ्यायला हवा.

तोब्रुकचं नाव निघालंच आहे, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण मराठीतल्या रोमेलस्तुतीत ती मला आजवर कुठे दिसलेली नाही. २० जूनच्या पहाटे रोमेलने तोब्रुकच्या तटबंदीवर जिथे घाव घातला त्या आग्नेय भागात उभी होती ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण. ११ व्या इंडियन ब्रिगेडमधली ही पलटण. जोडीला कॅमरन हायलँडर्स आणि ७ व्या गुरख्यांची दुसरी पलटण. जी तटबंदी राखायची ती मूळ इटालियनांनी बांधलेली. रणगाड्यांना अडवणारा खंदक वाळूने ठिकठिकाणी भरलेला. सुरुंग बरेचसे काढून आधीच्या गझाला आघाडीवर नेलेले. आधी बाँबफेकी विमानांच्या लाटांवर लाटा, मागून तोफा, मग खंदकावरून पलीकडे येणारे रणगाडे. १५ वी आणि २१ वी, दोन्ही पँझर डिव्हिजन आणि बरोबर इटालियन. एका पलटणीच्या अंगावर हे सगळं आलं. सकाळ संपायच्या आत तटबंदीला खिंडार पडलं, संध्याकाळी रणगाडे बंदरात होते, दुसऱ्या दिवशी सकाळी गढीचा दक्षिण आफ्रिकन सेनापती क्लॉपर याने शरणागती दिली. सुमारे ३३,००० कैदी. रोमेल २२ जूनला फील्ड मार्शल झाला. साताऱ्या-कोकणातून गेलेली ती पोरं तारेच्या कुंपणामागे गेली.

यात रोमेलचं कौशल्य नाकारायचं नाही. तो हल्ला त्याच्या कारकिर्दीतला बहुधा सर्वांत नेटका. पण ‘कोल्ह्याने तोब्रुक एका दिवसात कसं गिळलं’ हे चवीने सांगताना त्या घासात कोण होतं, एवढं तरी ठाऊक असावं.

“शत्रूच्या मनातलं त्याला आधीच कळायचं”

कळायचं. कारण त्याला ते वाचून दाखवलं जायचं.

कैरोत कर्नल बॉनर फेलर्स नावाचा अमेरिकेचा लष्करी प्रतिनिधी होता. मित्रराष्ट्राचा माणूस म्हणून ब्रिटिश त्याला सगळं दाखवत: कुठे किती रणगाडे, कुठली ब्रिगेड थकलेली, पुढे काय करायचा बेत. तो ते इमानेइतबारे तारेने वॉशिंग्टनला कळवे. ज्या सांकेतिक भाषेत तो कळवे ती इटालियन हेरखात्याने १९४१ मध्ये रोमच्या अमेरिकन वकिलातीतून चोरून नकलून घेतली होती. फेलर्सचे अहवाल वॉशिंग्टनच्या टेबलावर पडायच्या सुमारास रोमेलच्याही टेबलावर पडत. १९४२ च्या पहिल्या सहामाहीतली त्याची कमाल या उजेडात पुन्हा वाचावी लागते. जूनअखेर अमेरिकनांनी संकेत बदलले आणि हा झरा आटला.

दुसरा डोळा होता कॅप्टन आल्फ्रेड झेबोम याची ६२१ वी संदेशवेध कंपनी. आघाडीच्या अगदी जवळ बसून ही मंडळी ब्रिटिशांची बेतार (बिनतारी) बोलणी ऐकत. त्या काळी ब्रिटिश अधिकारी बेतारावर बरेच सैल बोलत, त्यामुळे यांची चंगळ होती. १० जुलै १९४२ ला ऑस्ट्रेलियनांनी तेल अल इसाजवळ अचानक मुसंडी मारली. कंपनी बरीचशी कापली गेली, झेबोम जखमी होऊन कैदेत पडला आणि वारला, कागदपत्रं शत्रूच्या हाती लागली. ती वाचून ब्रिटिशांना आपण बेतारावर किती बडबडतो ते कळलं.

त्यानंतरची पहिली मोठी चढाई म्हणजे ऑगस्टअखेरची आलम हाल्फाची. तोपर्यंत पारडं फिरलं होतं. रोमेल आंधळा आणि त्याचेच सांकेतिक संदेश वाचून समोर तयार बसलेला ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी. सहा दिवसांत चढाई गुंडाळावी लागली. खबरा मिळवणं हे सेनापतीचं कामच आहे, त्यात फसवणूक काही नाही. पण मग ते दैवी नाक वगैरे बाजूला ठेवू.

“त्याचं युद्ध स्वच्छ होतं”

आफ्रिकेत कैद्यांना वागवण्यात रोमेलचं सैन्य पूर्व आघाडीवरच्या जर्मन सैन्यापेक्षा कितीतरी बरं होतं, हे मान्यच करायला हवं. पकडलेल्या कमांडोंना ठार मारायचा हिटलरचा हुकूम त्याने आफ्रिकेत पाळला नाही. बीर हकीमला फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन निर्वासितांना मारा असं वरून आलं होतं, तेही त्याने केलं नाही. हे त्याच्या जमेला.

पण युद्धाची स्वच्छता वाळवंटातल्या दोन सैन्यांपुरती मोजता येत नाही. विजयामागून काय येणार होतं तेही पाहावं लागतं. जुलै १९४२ मध्ये एसएसचं, म्हणजे नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनेचं, चोवीस जणांचं एक पथक रोमेलच्या सैन्यामागून इजिप्तमध्ये शिरण्यासाठी अथेन्समध्ये सज्ज ठेवलं गेलं. प्रमुख होता वाल्टर राउफ. पूर्व युरोपात बंद गाडीत धूर सोडून माणसं मारायच्या गाड्या तयार करून घेणारा तो हाच. २० जुलैला तो रोमेलच्या मुख्यालयाशी पुढची व्यवस्था ठरवायला विमानाने तोब्रुकला गेला. रोमेल स्वतः तेव्हा शेकडो किलोमीटर पुढे अल अलामीनला होता. दोघं भेटले असं म्हणता येत नाही. पण कैरो पडलं असतं तर पुढचा रस्ता पॅलेस्टाइनचा होता आणि राउफचं पथक कशासाठी होतं हे सांगायला नको. तसं झालं नाही, याचं श्रेय रोमेलच्या सज्जनपणाला जात नाही. त्याला अलामीनला अडवणाऱ्यांना जातं, आणि त्यात भारतीय पलटणीही होत्या. पुढे हेच पथक ट्युनिशियात उतरलं आणि तिथल्या हजारो ज्यूंना वेठबिगारीला जुंपलं. तिथला सेनापती त्या काळात बहुतेक वेळ दुसराच होता, हेही नोंदवून ठेवतो.

इटलीचं प्रकरण तर त्याच्या थेट सहीचं आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रसंधी केली तेव्हा उत्तर इटलीतल्या जर्मन फौजांचा प्रमुख रोमेल होता. कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेल्या इटालियन सैनिकांना निःशस्त्र करून मालगाड्यांत कोंबून जर्मनीला कामाला पाठवण्यात आलं. सगळ्या आघाड्या मिळून अशा इटालियनांची संख्या सहा लाखांवर गेली. २३ सप्टेंबरच्या आदेशात रोमेल आपल्या सैनिकांना बजावतो की जुन्या सोबत्यांच्या गणवेशात जे विरोध करतील त्यांच्याबद्दल भावनिक घालमेल अगदी गैरलागू आहे आणि दयेचा हक्क त्यांनी गमावला आहे. अलामीनहून माघार घेताना वाहनं जर्मनांनी घेतली आणि इटालियन पायदळ वाळवंटात मागे राहिलं, ही त्याआधीची गोष्ट. रोमेलच्या ‘जर्मन’ सैन्यात निम्म्याहून जास्त इटालियन होते, हे स्तुतीच्या मजकुरात येत नाही ते नाहीच.

“हिटलरला मारायच्या कटात होता”

शेवट तर ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर १९४४ ला बुर्गडॉर्फ आणि माइझेल हे दोन जनरल हेरलिंगेनच्या घरी आले. विष घे, नाहीतर लोकन्यायालयात, म्हणजे नाझींच्या राजकीय न्यायालयात, उभा राहा. विष घेतलंस तर बायको-मुलाला हात लागणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलाचा निरोप घेऊन तो गाडीत बसला आणि गावाबाहेर थोड्याच अंतरावर सगळं आटोपलं. लोकांना सांगितलं गेलं की जुलैत विमानाच्या गोळीबारात झालेल्या जखमांनी तो गेला. उल्मला सरकारी इतमामात अंत्यविधी झाला आणि फील्ड मार्शल रुंडश्टेटने वाचलेल्या भाषणात याचं हृदय फ्यूररचं (हिटलरचं) होतं, असं वाक्य होतं.

राजवटीने त्याला मारलं, एवढं पक्कं. पण त्यावरून तो हिटलरला मारू पाहणाऱ्यांच्या बाजूचा होता असं आपोआप ठरत नाही. कटवाल्यांपैकी सीझर फॉन होफाकर ९ जुलैला त्याला भेटला होता. काय बोलणं झालं याबद्दलच्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, काही तर छळाखाली दिलेल्या आहेत. १५ जुलैला रोमेलने हिटलरला कळवलं की नॉर्मंडीतली विषम लढाई संपत आली आहे आणि आता त्यातून निष्कर्ष काढावा. धाडसाचं पत्र, पण ते हिटलरलाच लिहिलेलं. पश्चिमेकडची लढाई थांबावी असं त्याला वाटत होतं, एवढं नक्की म्हणता येतं. हिटलरच्या खुनाला त्याने होकार दिला हे सिद्ध झालेलं नाही. २० जुलैला कटवाल्यांनी ठेवलेला बाँब हिटलरजवळ फुटला, त्या दिवशी तो इस्पितळात होता. नंतर त्याने बायकोला लिहिलं, हल्ला फसला याबद्दल देवाचे आभार. टपाल तपासलं जात असल्याने हे पत्र शब्दशः घेऊ नये हे मान्य. मग संशयावरून केलेला त्याचा वधही कबुलीजबाब म्हणून घेऊ नये.

“चर्चिलनेही तारीफ केली”

केली, २७ जानेवारी १९४२ ला. युद्धाच्या विध्वंसापलीकडे पाहून सांगतो, समोर एक थोर सेनापती आहे, असं तो म्हणाला. का म्हणाला? त्याच आठवड्यात रोमेल ब्रिटिशांना पुन्हा मागे रेटत होता आणि सरकारवर टीकेची झोड उठली होती. हरायचंच असेल तर थोर माणसाकडून हरलेलं परवडतं. तिकडे आघाडीवर ब्रिटिश सरसेनापती ऑकिनलेकला मात्र या ‘थोर’पणाचा ताप झाला होता. आपले सैनिक रोमेलला जादूगार समजू लागलेत, शत्रूला रोमेल न म्हणता जर्मन म्हणा, असं त्याला आपल्या अधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागलं.

युद्धानंतर गरज बदलली, माणूस तोच उपयोगी पडला. सोव्हिएत संघाविरुद्ध पश्चिम जर्मनीला पुन्हा सैन्य हवं होतं आणि त्या सैन्याला लाज न वाटावी असा एखादा पूर्वज. रोमेल मेलेला होता, पूर्व आघाडीवर कधी गेलेला नव्हता आणि हिटलरने त्याला मारलेलं होतं. यापेक्षा सोयीचा कोण मिळणार? त्याचा चीफ ऑफ स्टाफ हान्स श्पायडेल याने कटाची गोष्ट जोमाने सांगितली आणि १९५७ मध्ये तो स्वतः मध्य युरोपातल्या नाटो भूदलाचा प्रमुख झाला. १९६१ मध्ये हायडेनहाइमला रोमेलचं स्मारक झालं. १९६९ मध्ये पश्चिम जर्मन नौदलाने, ज्याचा समुद्राशी संबंध रसदीच्या तक्रारींपुरता होता, त्या रोमेलचं नाव एका विनाशिकेला दिलं.